दिंद्रुड जिंकायला लागल्याचं दुःख

मु. पो. दिंद्रुड, ता. माजलगाव
८ जानेवारी १९९८

श्री. अमरनाथराव यांना दिंद्रुडहून शिवलिंगप्पाचे शरणार्थ.

इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. पत्रात ‘खुशाल आहोत’ असं लिहायची रीत आहे हे मला ठाऊक आहे, पण तुम्ही माझ्या बायकोचे सख्खे थोरले भाऊ, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तुमच्या गुडघ्याचं काय? मी पाठवलेलं निर्गुडीचं तेल लावता, की बाटली तशीच कोनाड्यात ठेवलीय? वहिनींनी दाढ काढून घेतली का? शिवानीचं दहावीचं वर्ष आहे, तिला अभ्यासावरून फार बोलत जाऊ नका (मला वडील रोज बोलत आणि मी दोनदा बसलो, हे तुम्हाला लग्नाच्या वेळी सांगितलं नव्हतं). तुमची बहीण शांतादेवी तब्येतीनं ठणठणीत आहे. इतकी ठणठणीत आणि हसतमुख ती लग्न झाल्यापासून कधी नव्हती. मी मात्र खंगलो आहे. सदरा खांद्यावरून ओघळतो, अन्न गोड लागत नाही, आणि दुकानात गिऱ्हाइकानं साखर मागितली की मी मीठ जोखतो.

कारण तुमच्या कानावर आलंच असेल. तुम्ही लिंबागणेश मंडळाचे सेक्रेटरी, गुणांचा तक्ता तुमच्याकडेही येतो. आमचं श्री सिद्धेश्वर फुटबॉल मंडळ यंदा जिंकायला लागलं आहे. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं, वरचा शाईचा डाग त्याचाच आहे. शहाऐंशी साली गावात पहिला टीव्ही आला, त्यावर पोरांनी जगातले मोठे सामने पाहिले आणि दुसऱ्या दिवशी मंडळ काढलं. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही जिल्ह्याच्या ‘ब’ गटात सतत शेवटच्या नंबरावर होतो. सत्त्याहत्तर सामने झाले. त्र्याहत्तर हरलो, चार बरोबरीत सुटले (त्यातल्या एकाला समोरच्या संघाची जीप वाटेत बंद पडून सहाच जण पोचले होते, तरी आम्हाला गोल करता आला नाही). या सत्त्याहत्तर सामन्यांचा मी एकमेव प्रेक्षक. दुकानातली लाकडी खुर्ची घेऊन जायचो, लिंबाच्या झाडाखाली मांडायचो आणि हरणं बघायचो. मला सवय झाली होती, अमरनाथराव. निकाल आधीच ठाऊक असला की माणसाचा रविवार शांततेत जातो. पोरं पडली की टाळ्या वाजवायच्या, उठली की टाळ्या वाजवायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन वरणभात खायचा. त्या दिवसांची मला आता फार आठवण येते.

आता आमच्याकडची रीत तुम्ही जाणताच, तरी सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यातच आहे. आमच्या पोरांना बाहेरगावी न्यायला गाडी नाही. म्हणून जिल्ह्याच्या संघटनेनं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं की दिंद्रुडचे सगळे सामने दिंद्रुडलाच व्हावेत. एकाही गावानं हरकत घेतली नाही. गुण आणि जेवण दोन्ही मिळतंय म्हटल्यावर कोण हरकत घेतो? तर आलेला संघ आधी आमच्या घरी जेवतो. आपल्यात दासोह म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. आलेल्याला पोटभर वाढायचं, आणि बदल्यात कसली म्हणजे कसलीच अपेक्षा ठेवायची नाही. माझ्या आजोबांपासून हे चालत आलं आहे. आमचीच पोरं सकाळपासून येऊन पाणी भरतात, पाट मांडतात, वाढतात. मी स्वतः पंक्तीतून फिरून आग्रह करतो, आणि माझ्या आग्रहापुढं कोणी टिकत नाही हे तुम्ही भोगलेलं आहे. पाहुणे उठले, सुपारी खाल्ली, की सगळे मिळून मैदानावर. आमची पोरं सामना संपल्यावर जेवतात, कारण पाहुणा घरातून निघायच्या आत यजमानानं तोंडात घास घालणं आमच्या घराण्यात कधी झालं नाही आणि मी असेतो होणारही नाही. अकरा वर्षं पंगतीचा बेत ठरलेला होता. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा.

यंदा पहिल्या सामन्याला कड्याचा संघ आला आणि तुमच्या बहिणीनं अचानक पुरणपोळी केली. मला काही विचारलं नाही. भल्या पहाटे उठून बघतो तर दोन चुली पेटलेल्या, पुरणाचा वास गल्लीभर, आणि स्वयंपाकघराच्या दारात ताराबाई पाटा घेऊन बसलेली (शेजारच्या ताराबाई हो, त्यांचा आवाज तुम्हाला लिंबागणेशपर्यंत ऐकू आला असेल). मला कौतुक वाटलं. म्हटलं, बाईच्या मनात आलं असेल, करू दे. कड्याची पोरं भली दांडगी, कारखान्यावर कामाला असलेली. ती पुरणपोळीवर अशी तुटून पडली की मला आग्रह करायची संधीच मिळेना. वर तूप, वर कटाची आमटी. एकेकाला पाटावरून उठवायला दोघं लागले. मग सामना सुरू झाला, आणि आमच्या बंकटनं (हा आमचा पुढचा गडी, एरवी जीप चालवतो) चौथ्या मिनिटाला गोल केला. मी खुर्चीवरून उठलो. उठलो तो उभाच राहिलो, कारण अकरा वर्षांत गोल झाल्यावर पुढं काय करायचं असतं ते मी शिकलोच नव्हतो. दुसराही गोल झाला. दोन-शून्य. पोरं एकमेकांच्या अंगावर पडून रडली. मीही रडणारच होतो, पण तेवढ्यात माझी नजर कड्याच्या गोलकीपरकडं गेली. तो खांबाला टेकून पोटावर हात फिरवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख अजिबात नव्हतं. जेवणाचं समाधान होतं.

दुसऱ्या सामन्याला परत पुरण. या वेळी मी डोळे उघडे ठेवून बसलो. कोण किती पोळ्या खातो हे मनात धरून ठेवलं आणि मग मैदानावर बघत राहिलो. त्यांच्या उजव्या बाजूच्या गड्यानं सात खाल्ल्या होत्या, आणि गोल झाला तो नेमका उजव्या बाजूनं. मधल्यानं पाच खाल्ल्या, तो पहिली वीस मिनिटं बरा होता, पुढं चालायला लागला. तीन-एक. तिसऱ्या सामन्याला तर त्यांचा कप्तान मध्यंतरात आमच्या लिंबाखाली जो आडवा झाला तो उठेना. आम्ही दोन-शून्य जिंकलो आणि मी घरी येऊन देवासमोर बसलो. अमरनाथराव, मी काय पाप करून बसलो आहे ते तुमच्या ध्यानात येतंय ना? आजोबांनी सुरू केलेला दासोह, आणि मी त्याचे गोल करून घेतो आहे. वाढलेल्या अन्नाच्या बदल्यात काहीएक घ्यायचं नाही असं ज्या घरात आहे, त्या घरातून यंदा प्रत्येक पंगतीमागं दोन गुण वसूल होत आहेत. गिऱ्हाइकाला वजनात फसवणारा दुकानदारसुद्धा माझ्यापेक्षा बरा, तो निदान पोटात शिरून फसवत नाही.

आणि हे कोणाला सांगावं? गाव तर वेडं झालं आहे. ज्या मैदानावर मी आणि एक काळी शेळी एवढेच असायचो, तिथं आता पाचशे माणूस. चौकात बंकटच्या चुलत्यानं केबल टीव्ही घेतलाय, त्यावर परदेशातले सामने बघून हे लोक मला खेळातलं ज्ञान शिकवतात. परवा केस कापणाऱ्यानं अर्धी दाढी झालेली असताना मला सांगितलं की आपली मधली फळी कच्ची आहे. एका थंड पेयाच्या एजंटानं पोरांना फुकट जर्सी दिल्या, त्यांवर पाठीमागं बाटलीचं एवढं मोठं चित्र आहे की नंबर कुठं घालावा हा प्रश्न पडलाय. आमचे पुढारी अर्जुनराव, ज्यांना अकरा वर्षांत मैदान कुठल्या दिशेला आहे हे माहीत नव्हतं, ते आता प्रत्येक सामन्याआधी नारळ फोडतात आणि भाषण करतात. भाषणात ते ‘आम्ही घडवलेला संघ’ म्हणतात. ते माझ्या खुर्चीवर बसतात. मी उभा राहतो. (खुर्चीचं मला काही नाही, पण तिचा एक पाय आखूड आहे, तो कसा सांभाळायचा हे फक्त मला ठाऊक होतं. दुसऱ्याच सामन्याला अर्जुनराव तिच्यासकट मागं गेले, आणि लोकांनी मला दोष दिला.) येता-जाता लोक माझ्या गळ्यात हार घालतात. म्हणतात, शिवलिंगप्पा, तुमच्या अकरा वर्षांच्या भक्तीचं फळ मिळालं. मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं मी विनयशील आहे.

शेवटी चौथ्या सामन्याला मी ठरवलं की आता सोक्षमोक्ष लावायचा. पंक्तीत मी स्वतः उभा राहिलो आणि पाहुण्यांना दोन-दोन पोळ्यांवर पाणी देऊ लागलो. आग्रह तर दूरच, तिसरी मागणाऱ्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत वाईट वीस मिनिटं होती. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. त्यांचा कप्तान उठून तडक अर्जुनरावांकडं गेला आणि म्हणाला, दिंद्रुडात म्हणे पाहुण्याचा मान राहिला नाही. अर्जुनरावांनी मला भर मैदानात, त्या पाचशे माणसांसमोर, घराण्याच्या इज्जतीवर दहा मिनिटं ऐकवलं. मी ऐकून घेतलं, कारण मनात म्हटलं, आता तरी हरू, निदान जीव स्वच्छ होईल. तीन-शून्य जिंकलो! पाहुणे अर्धपोटी, हलके, चांगले पळत होते, आणि तरी आमची पोरं त्यांच्या पुढं. मी पुष्कळ विचार केला. शेवटी उमगलं की अपमानानं त्यांचं मन खचलं असणार. म्हणजे अन्न देऊन जिंकलो तोपर्यंत एक पाप होतं, अन्न न देऊन जिंकलो हे दुसरं, आणि ते पहिल्यापेक्षा मोठं.

पाचव्या सामन्याच्या दिवशी शांतादेवी चुलत बहिणीच्या लग्नाला गेली होती (तुमची भेट झालीच असेल, मला सुट्टी मिळाली नाही, म्हणजे मीच स्वतःला दिली नाही). मी आचारी लावला. त्यानं बुंदी, भजी, मसालेभात असं काय काय केलं, पाहुणे पुरणापेक्षा दुप्पट जेवले, तरी सामना बरोबरीत सुटला. एक-एक. आमची पोरं मध्यंतरानंतर गळाठून गेली, पूर्वीसारखी. मला जुने दिवस आठवून गहिवरून आलं. पण यावरून काय सिद्ध झालं? की आचाऱ्याच्या हातात ते सामर्थ्य नाही. तुमच्या बहिणीच्याच पुरणात काहीतरी आहे.

मग मी तिच्याशी सरळ बोललो. म्हटलं, पुढच्या सामन्याला पुन्हा पिठलं करूया, जे व्हायचं ते होऊ दे. ती भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “पाव्हण्यांम्होरं पिठलं ठिवायचं असंल तर तुमीच ठिवा. मी पुरणच करणार हाय.” अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती मला असं ठाम कधी बोलली नव्हती (बोलली होती, पण फुटबॉलच्या बाबतीत नव्हती). सहावा सामना चार-एक जिंकलो. त्या दिवशी मी बंकटला बाजूला घेतलं. लहानपणापासून माझ्यासमोर हरलेला गडी, तो मला खरं सांगेल असं वाटलं. विचारलं, खरं सांग, तुला यंदा हे गोल कसे काय जमायला लागले? तो वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. मग म्हणाला, “काका, यंदा पळावंसं वाटायलंय.” मी म्हटलं, मागं कावून वाटत नव्हतं? तर हसला नुसता आणि जीप धुवायला गेला. बिचारा. समोरचे जागेवरून हलत नाहीत म्हणून आपण पळतो आहोत, हे त्याला कळत नाही. आणि मी ते त्याला कोणत्या तोंडानं सांगू? सत्तावीस वर्षांचा बाप्या माणूस, गोल केल्यावर अजून माझ्याकडं बघतो, मी हात वर केला का ते बघायला. मी करतो वर. मन नसतं वर करायला, तरी करतो.

आता राहिला शेवटचा सामना, तुमचा नि आमचा. गुण सारखे आहेत. जिंकेल तो ‘अ’ गटात जाईल, आणि बरोबरी झाली तर गोल जास्त म्हणून तुम्ही जाल. तारीख संघटनेनं काढली आहे ती तुम्ही पाहिली असेल. येत्या संकष्टीची. तुमचा सगळा संघ गणपतीच्या गावचा, त्यातला एकही जण संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाही, हे मी गेली अकरा वर्षं ऐकतो आहे. म्हणजे पुरणाला कोणी हात लावणार नाही. पंगतच होणार नाही. पहिल्यांदा आमची पोरं एका अशा संघाशी खेळणार, ज्याच्या पोटात माझ्या घरचं काहीही नाही.

हे कळलं तेव्हा मी आधी खुर्चीत बसलो (घरातल्या, दुसऱ्या). मग मला वाटलं, बरं झालं. आपण हरणार हे तर उघड आहे. सहा-शून्य, सात-शून्य, जे व्हायचं ते होईल, हार घालणारे पुन्हा आपापल्या कामाला लागतील, अर्जुनराव खुर्ची सोडतील, आणि दासोह पुन्हा दासोह होईल. खरं सांगू का? मला ‘अ’ गट नको. मला एकच सामना हवा होता, अकरा वर्षांत एकच, ज्याच्याविषयी म्हणता येईल की आमची पोरं स्वतःच्या पायांवर जिंकली. तो मिळाला असता तर मी गल्लीतून ओरडत गेलो असतो. पण ते नशिबात दिसत नाही, आणि नसेल तर निदान खरं हरणं तरी वाट्याला यावं, एवढीच आता इच्छा आहे. तुम्ही बिनधास्त या, उपाशी या, आणि आम्हाला मनसोक्त हरवा. माझा काही म्हणजे काही राग नाही.

वहिनींना नमस्कार, शिवानीला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा,
शिवलिंगप्पा

ता. क. : सहज विचारतो, संकष्टीला तुमच्या पोरांना साबुदाण्याची खिचडी चालते ना? शेंगदाण्याचं कूट आणि तूप भरपूर घातलेली? भगर, रताळ्याचा कीस, केळ्याची शिकरण? की अगदी काहीच घेत नाहीत? पाहुणा दारात आला आणि उपाशी गेला तर आजोबांना काय वाटेल, एवढ्याच काळजीनं विचारलं. खेळाशी याचा संबंध नाही.

ता. क. दुसरी : किंवा असं करता येईल का, की सामना एक दिवस पुढं ढकलायचा? दोन्ही मंडळांनी मिळून लिहून दिलं तर संघटना ऐकते. कारण काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. तुमचा गुडघा पुढं केला तरी चालेल. मी काही मागत नाही. वर लिहिलंय ते सगळं मनापासूनच आहे. पण शांतादेवीनं हरभऱ्याची डाळ निवडून ठेवली आहे, पाच किलो, आणि घरात आम्ही दोघंच. एवढी डाळ वाया जाणं बरं नव्हे.

ता. क. तिसरी : हे पत्र वाचून फाडून टाका. शांतादेवीच्या हाती लागता कामा नये.

अण्णा, शांताचा नमस्कार. पाकीट चिकटवायला डिंक पायजे म्हणून हे दुकानात गेलेत. डिंक माझ्याजवळच हाय, म्हणून सवडीनं लिहिते. पत्र मी वाचलं. ह्यात पुरणाचं जे लिव्हलंय ते समदं चूक हाय.

मागल्या साली ह्याच टायमाला तुमच्यासंगं सामना होता. मी माळवदावर तुरी वाळत घालाया गेलते. तितून मैदान दिसतंय. इतक्या वरसांत मी खेळ कधी बघितलाच नव्हता. बघते तर चेंडू शेजारच्या ज्वारीत गेला की आपली दोन-दोन पोरं आणाया जायाची अन् लवकर माघारी यायचीच न्हाईत. मला वाटलं चेंडू घावंना. मग नीट बघितलं. कणसं चोळून खात हुती. तवा माझ्या ध्येनात आलं, अण्णा. पोरं सकाळी सातला आमच्याकडं येत्यात. पाणी भरायचं, पाट मांडायचं, वाढायचं, पाव्हण्यांची उष्टी काढायची, अन् मग तसंच रित्या पोटी दीड तास पळायचं. कोण पळंल? अकरा वरसं कोणी बोललं न्हाई. काकाच्या घरी भाकर मागायची कशी, म्हणून पोरं बी गप.

यंदा पैल्या सामन्यापासून मी त्यांना सकाळी नवाला मागच्या दारानं घेते. भाकर, घट्ट वरन, दूध, गूळ. ताराबाई दारात बसती ती ह्यांनी आत येऊ नये म्हणून. पुरणाचा घाट बी त्याच्यासाठीच घातला. पुरण चाललंय म्हणलं की गडीमाणूस चुलीकडं येत न्हाई अन् येवढं काय शिजायलंय म्हणून विचारीत बी न्हाई. मी लग्नाला गेलते त्या दिवशी पोरं पुन्हा उपाशी राहिली, तवाच ती बरोबरी झाली.

ह्यांना सांगितलं न्हाई. चार-पाच बारी तोंडावर आलतं, माघारी घेतलं. सांगितलं तर घटकाभर आनंद होईल, अन् त्याच्या मागोमाग दुसरं ध्येनात येईल. अकरा वरसं पोरं हरली ती ह्यांच्या पंगतीपायी हरली. हे माणूस तेवढं सोसणार न्हाई, अण्णा. ज्या पोरांसाठी दर रविवारी उन्हात बसले, त्यांनाच उपाशी ठिवलं, हे कळलं तर पुन्हा कुणाला आग्रह करणार न्हाईत. त्यापरीस जिंकलं ते चोरून जिंकलं असं वाटलेलं बरं.

म्हणून तुला एकच सांगते. तारीख बदलू नको. संकष्टीलाच ये, अन् पोरांना कडक उपास धरायला लाव. आमच्या घरचं पाणी बी घेऊ नका. ह्यांनी खिचडी म्होरं केली तर हात जोडा. मुद्दाम हरू नका, मला ते चालायचं न्हाई, जीव तोडून खेळा. तरी बी आमची पोरं जिंकत्याल. मग ह्यांना म्हणायला पुरण बी उरणार न्हाई अन् अपमान बी उरणार न्हाई. ह्यांनी लिव्हलंय ना, गल्लीतून ओरडत जाईन म्हणून. ते मला बघायचं हाय.

आमच्यातली दोघं बी संकष्टी धरत्यात. त्यांना सांगितलंय, त्या दिवशी जेवा, गणपतीचं मी बघून घेते. माहेर हरल्यावर मला वाईट वाटंल, पण येवढं एक साल चालवून घे.